राखणदार नसलेलं धाट

“नेमकं काय म्हणाला तो?” निजगुण अप्पांनी विचारलं.

मन्मथनं मान वळवली. “माझा अपमान केला, अप्पा. अख्ख्या गावादेखत.”

“ते कळलं. शब्द काय होते?”

गावच्या मठाचे स्वामी असलेले अप्पा मठाच्या पडवीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसले होते. सोमवार होता. सोमवारी मठात दासोह असतो. येईल त्याला पंगतीत जेवण. शे-दोनशे माणूस जेवून जातं, आणि पत्रावळी अप्पा स्वतः टाचतात. कुणी हातातून काढून घ्यायला गेलं तर म्हणतात, “मग मी काय नुसतं खायला बसलोय का इथं?”

“म्हणाला...” मन्मथनं बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. “म्हणाला, डॉक्टर, कणीस लई बारीक दिसतंय की ओ.”

“पुढं?”

“पुढं काही नाही. लोक हसले.”

“सगळे?”

“...दोघं-तिघं.”

अप्पांनी काडी पानातून आरपार ओढली. “परत म्हण बघू.”

“डॉक्टर, कणीस लई बारीक दिसतंय की ओ.”

“पुन्हा.”

मन्मथनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळेला त्या वाक्यात काही उरलंच नाही. आठवडी बाजारात माणूस वांगं हातात घेऊन असंच बोलतो, आणि वांगं विकणारी काही पेटून उठत नाही.

“बारीक होतं का?” अप्पांनी विचारलं.

मन्मथ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.

“होतं.”

...

मन्मथ उपासे हा निंबर्डीचाच पोरगा. याच पडवीत अप्पांच्या समोर बसून त्यानं पाटीवर अक्षरं गिरवली, याच पंगतीत पाणी वाढलं. पुढे शिष्यवृत्तीवर परदेशी गेला. पिकांना बुरशी कशी धरते आणि पिकं तिच्याशी कशी झगडतात, यावर मोठी पदवी मिळवली. तिथं चांगली नोकरी होती. ती सोडून परत आला. का आलास, असं कुणी विचारलं की म्हणायचा, “जे शिकलो ते या काळ्या मातीच्या उपयोगी पडलं नाही, तर शिकलो कशाला?” म्हणताना त्याचे डोळे चमकायचे. खोटं बोलत नव्हता तो.

निंबर्डीच्या शिवारात ज्वारीला खडखड्या लागतो. वरून पीक बरं दिसतं, पण बुडाशी बुरशी धाट, म्हणजे ज्वारीचा दांडा, आतून पोखरत जाते. मग कणसं भरायच्या ऐन वेळेला वारा सुटतो आणि सगळं रान आडवं होतं. मन्मथ अशा आडव्या झालेल्या रानांतून हिंडला. हजारो पडलेल्या धाटांत एखादं उभं दिसलं की त्याचं कणीस मागून आणायचा. दाणे पेरायचे, उगवलेल्यातून पुन्हा उभी राहणारी धाटं निवडायची, प्रत्येकाशेजारी खुणेची काठी रोवायची, पुन्हा पेरायचे. रान दिलं होतं गुरूबाईनं. मूलबाळ नसलेली म्हातारी. “तुझं तू बघ, मला भाकरीपुरतं सोड,” एवढीच तिची अट.

यंदा धाटं उभी राहिली. सगळ्या शिवारात तेवढाच तुकडा ताठ उभा. गेल्या आठवड्यात मन्मथनं गाव बोलावलं, पीक दाखवायला. आणि तिथं काशिनाथ हत्तुरेनं, ज्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे त्यानं, एक कणीस हातात धरलं आणि ते वाक्य टाकलं.

मग काय झालं ते मन्मथनं अप्पांना सांगितलं.

तो गावाला म्हणाला होता, “तुम्हाला कणसापलीकडं दिसतंच काय? दुकानातलं पोतं उचलायची तुमची लायकी. तेवढंच उचला!”

कुंपणाच्या वाटेवर आडवा लावलेला काटेरी फांद्यांचा फास त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढला होता. बांधावर गुरं चारणाऱ्याला ओरडून सांगितलं होतं, “सोड आत! सगळी सोड!”

संध्याकाळपर्यंत तुकडा साफ झाला.

एक गोष्ट मात्र त्यानं अप्पांना सांगितली नाही. फास ओढताना गुरूबाई आडवी आली होती. तिनं त्याचा हात धरला होता. तो त्यानं झटकला होता.

“मग आता?” अप्पांनी विचारलं.

“आज पंगतीत काशिनाथ येईल. सगळं गाव येईल. तुम्ही त्याला माफी मागायला सांगा, अप्पा. तुमचा शब्द तो मोडणार नाही.”

“आणि नाही मागितली तर?”

मन्मथनं भिंतीशी टेकवलेल्या बॅगेकडे पाहिलं. “तिकडून पुन्हा बोलावणं आलंय. संध्याकाळची गाडी आहे. मग तुमचा आशीर्वाद घेऊन जातो. इथं काम करण्यात अर्थ नाही.”

“हं,” अप्पा म्हणाले.

त्यांनी पुढचं पान उचललं. उलटसुलट करून पाहिलं आणि मन्मथसमोर धरलं. हिरव्या पानावर तपकिरी टिपके होते, ठिणग्या उडून जळाल्यासारखे.

“हे काय असतं रे? तुला ठाऊक असेल.”

मन्मथनं पान हातात घेतलं. रागातसुद्धा त्याचा चेहरा जरा उजळला. हा त्याचा प्रांत.

“बुरशी आली असेल, अप्पा. पण हे टिपके सहसा तिनं केलेले नसतात. पानानं स्वतः केलेले असतात.”

“स्वतः?”

“झाडाला आपल्यासारखं रक्त नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी धावून जाणारे शिपाई नाहीत. म्हणून प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. पेशीत जनुकं असतात. आईबापांकडून बीजात आलेली शिकवण म्हणा. त्यातली काही जनुकं राखणदार घडवतात. बुरशी आत घुसताना आपला काही रस पेशीत सोडते. तो राखणदाराला ओळखू आला की तो हाक देतो...”

“आणि पेशी लढते.”

“नाही. पेशी मरते.”

अप्पांचा हात थांबला.

“आपणहून मरते, अप्पा. आजूबाजूच्या चार पेशी घेऊन मरते. बुरशी असते जिवंत पेशीवर जगणारी. तिच्याभोवती सगळं मेलेलं झालं की तिला खायला काही उरत नाही. ती तिथंच उपाशी संपते. टिपक्याएवढं पान जातं, बाकीचं पान वाचतं.”

“वा!” अप्पा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. “शहाणं आहे की पान. मग झाडं का मरतात?”

“कारण सगळ्या बुरशा तशा नसतात.” मन्मथ आता मांडी ठोकून बसला. बॅग विसरला. “काही बुरशा मेलेलं खातात. त्यांना जिवंत पेशी नकोच असते. परदेशात एके काळी ज्वारीवर अशीच एक बुरशी आली होती. माझ्या गुरुजनांनी तीच अभ्यासली, मीही थोडी अभ्यासली. रानंच्या रानं मुळापासून कुजली. लोकांना वाटलं, या ज्वारीला राखणदारच नसणार. पुढे शोध लागला. राखणदार होता. चांगला जागता होता.”

“मग?”

“तोच घात करत होता. ती बुरशी एक विष सोडते. त्या विषात धाट मारायची ताकदच नसते, अप्पा! ते जाऊन फक्त राखणदाराला डिवचतं. राखणदार खवळतो. त्याला एकच काम येतं... हाक द्यायची, पेशी मारायची. एक मारली, दुसरी मारली, मुळंच्या मुळं मारत सुटतो. आणि बुरशी मागून येते, मेलेलं खात. तिला स्वतःला काहीच करावं लागत नाही. ती नुसतं डिवचते. बाकी सगळं...”

मन्मथ थांबला.

पडवीबाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. स्वयंपाकघरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

“बाकी सगळं?” अप्पांनी विचारलं.

“...धाट स्वतःच करतं.”

अप्पांनी दुसरी पत्रावळ घेतली. काडी मोडली. टाचली.

“काही धाटं वाचली असतील की,” ते म्हणाले.

“वाचली.” मन्मथ आता अगदी हळू बोलत होता. “हजारोंत एखादं. त्यांच्यात ते जनुक तुटलेलं होतं. राखणदारच नव्हता. बुरशीनं डिवचलं... आत कुणाला ऐकूच गेलं नाही.”

“आणि बुरशी?”

“बसून राहिली असेल. उपाशी.”

मन्मथच्या हातातलं पळसाचं पान चुरगळून गेलं होतं. त्याचे कान तापले. शेतातला तो दिवस त्याला दिसत होता. काशिनाथ कणीस धरून उभा होता, बस्स. त्यानं कुंपणाला हात लावला नव्हता. गुरांना हाक मारली नव्हती. एक वाक्य बोलून तो नुसता उभा होता, आणि बाकी सगळं...

मग माणूस करतो तेच मन्मथनं केलं. शरमेचा कढ आवरेना, तेव्हा तो चिडला.

“म्हणजे कुणीही यावं, काहीही बोलावं, आणि मी दगडासारखं ऐकून घ्यावं? असंच ना, अप्पा? राखणदार नकोच का माणसाला? तो नसेल तर दुसरा कुठला रोग येऊन आडवं करेल त्याचं काय?”

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी तर बुरशीचं विचारत होतो, बाबा.”

...

घंटा झाली. पंगत बसायला लागली.

अप्पांनी खुंटीवरचं उपरणं काढलं आणि लहानपणी बांधायचे तसं मन्मथच्या कमरेला बांधलं. आमटीची बादली पुढे सरकवली.

“वाढायला घे. रीत आठवते ना?”

“आठवते,” मन्मथ म्हणाला.

निंबर्डीच्या मठाची रीत अशी की वाढणाऱ्यानं पंगतीत ‘घ्या’ याखेरीज एक शब्द बोलायचा नाही. जेवणारा काहीही बोलो. भाकरी करपली म्हणो, आमटी आळणी म्हणो, तुझा बाप बरं वाढायचा म्हणो. वाढणाऱ्यानं म्हणायचं, “घ्या.” आणि पुढं सरकायचं. बसायचंही नाही.

मन्मथला पळून जावंसं वाटलं. ही सगळी तीच माणसं होती. ज्यांची त्यानं लायकी काढली होती ती. पळी बादलीत बुडवून त्यानं पहिल्या पानात आमटी वाढली. “घ्या.” दुसऱ्या पानात. “घ्या.” कुणी वर पाहत नव्हतं. पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. एक म्हातारा मात्र म्हणाला, “आलास व्हय? वाढ, वाढ.” आणि चटणीत भाकरी बुडवली. त्या ‘वाढ, वाढ’नं मन्मथला कुठं तोंड लपवू असं झालं.

काशिनाथ पंगतीच्या मध्यावर बसला होता. टोपी मांडीवर, मिशीला शेंगदाण्याच्या चटणीचा कण. मन्मथ एकदा वाढून पुढं गेला. दुसऱ्या फेरीला आला तेव्हा काशिनाथनं मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाला,

“डॉक्टर, हात लई आखडता हाय की ओ!”

शेजारचे दोघं हसले.

मन्मथच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. चांगलं धारदार होतं. त्यानं पळीची दांडी घट्ट आवळली. काशिनाथच्या मिशीवरचा तो कण तेवढा त्याला दिसत होता, दुसरं काही नाही. हातानं आपोआप पळीभर आमटी ओतली.

“घ्या,” तो म्हणाला.

आणि पुढं सरकला.

बायकांच्या पंगतीत शेवटून दुसरी गुरूबाई होती.

ती डाव्या हातानं जेवत होती.

मठातल्या पंगतीत डाव्या हातानं कुणी जेवत नाही. गुरूबाई तर रीतीला फार जपणारी. मन्मथनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मनगट सुजलेलं होतं. त्यावर हळदीचा लेप, वर जुन्या लुगड्याची चिंधी. अख्खी भाकरी तिच्या पानात तशीच होती. एका हातानं तिला ती मोडता येत नव्हती; कडेकडेनं कुरतडल्यासारखी झाली होती.

बादली हातातच राहिली.

“हाताला काय झालं?” तो म्हणाला. रीत मोडली.

“काय न्हाई रं,” गुरूबाई म्हणाली. “लचकला.”

शेजारची बाई फणकारली. “लचकला म्हणं! त्या दिशी कुंपणापाशी...”

“तू गप गं. आमटी निवायली तुजी.”

मन्मथनं बादली खाली ठेवली. तो तिच्यासमोर खाली बसला, पंगतीत, वाढप्यानं बसायचं नसतं तिथं. तिची भाकरी घेतली आणि मोडायला लागला. बारीक बारीक तुकडे केले. आमटी ओतली, कुस्करली. त्याला वर बघवत नव्हतं. पानावर टपकन काही पडलं ते आमटी नव्हती, हे गुरूबाईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“गुरांनी वरनं खाल्लं,” ती भाकरीचा घास घेत म्हणाली, जणू कालचंच बोलणं पुढं चालवत होती. “बुडखं हायत तशीच. फुटायला लागल्यात.”

मन्मथनं मान वर केली.

“मी पानी घालतिया. घागर डाव्या कडंला घिऊन जातिया. फास बी लावला परत. एका हातानं नीट बसंना, वाकडा झालाय.” ती जरा थांबली. “पर तुज्या खुणंच्या काठ्या गुरांनी समद्या पाडल्या बग. मी उभ्या केल्या खऱ्या. कंची कुठली व्हती ते मला काय कळतंय? चुकल्या असत्याल.”

“चुकू दे,” मन्मथ कसाबसा म्हणाला.

“चुकू दे कसं? तू येशील तवा तुजं तू बग. कवा येतुयास?”

त्यानं बादली उचलली.

“घ्या,” तो म्हणाला.

...

पंगती उठल्या. ऊन कललं. मठामागच्या दगडावर मन्मथ आमटीचं पातेलं राखेनं घासत होता. गाडीची वेळ जवळ आली होती. अप्पा उष्ट्या पत्रावळी गोळा करून गुरांच्या पाटीत टाकत होते.

“आज जात नाही मी,” मन्मथ म्हणाला.

“बरं.”

“काशिनाथला काही सांगू नका.”

“बरं.”

“गुरूबाईचा हात... तो मी...” पातेल्यावरचा त्याचा हात थांबला. “तुम्हाला सकाळी सांगताना मी ते वगळलं, अप्पा. बाकी सगळं सांगितलं. तेवढंच वगळलं.”

एक पत्रावळ अप्पांनी पाटीत टाकली, दुसरी उचलली.

“कुठल्या काठीशी कुठलं धाट, हे मलाही आता सांगता येणार नाही,” मन्मथ म्हणाला. “पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. कणसं येऊ देत, मग बघायचं. उद्या पहाटे जाऊन आधी कुंपण सरळ करतो. तिला घागर उचलू देणार नाही.”

“हं.”

मन्मथ पातेलं विसळायला लागला. पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. काहीतरी सांगायचं राहिलं होतं. दिवसभराच्या त्या सगळ्या शरमेत एक गोष्ट त्यानं जपून ठेवली होती. तेवढी तरी अप्पांपुढे ठेवावी, त्यांनी ‘शाबास’ म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

“अप्पा, तुम्ही ऐकलंत की नाही ठाऊक नाही. काशिनाथ आज परत बोलला. भर पंगतीत. हात आखडता आहे म्हणाला. लोक हसले.” त्यानं पातेलं उपडं ठेवलं. “पण आज मी गिळलं. एक शब्द उलट काढला नाही.”

अप्पांनी हातातली पत्रावळ झटकली आणि त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“अरे मन्मथा,” ते म्हणाले, “त्याच्या पानातली आमटी संपली होती.”